अकरा श्वास

४ मार्च

आज एसी दुरुस्त करायला आलेला माणूस माझ्या खोलीत रडला.

तो शिडीवर, हातात पाना. खाली मी टेप लावलेली. हेडफोनचा प्लग नीट बसला नव्हता, त्यामुळे आवाज खोलीभर झाला. ते चार मिनिटांचं व्हायोलिन सुरू झालं आणि शिडी थरथरायला लागली. मला वाटलं, याला शॉक बसला. धावत जाऊन मेन स्विच पाडला. टेप थांबली, तसा तो वरून म्हणाला, "मॅडम, बंद का केलं?" तोंड पार ओलं झालेलं.

खाली उतरल्यावर विचारलं, तर सिनेमा त्याने पाहिलेलाच नाही. नावही ठाऊक नाही. धून तेवढी कुठे कुठे कानावर पडलेली. मी पाणी दिलं. एसी तसाच ठेवून, उद्या येतो म्हणून गेला. गेली तीस वर्षं जुन्या टेपा साफ करतेय, पण असलं काही पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी थोडी चिडलेच. मला सूर कळतात, रडू येत नाही. मग हे कुणाला काय ऐकू येतं?

वहीची सुरुवात आहे तर नीट लिहून ठेवते. ही धून रचणाऱ्या मास्तरांना जाऊन ३० तारखेला वर्ष होईल. त्या दिवशी त्यांचा सगळ्यांत गाजलेला सिनेमा नव्याने साफ केलेल्या संगीतासह दाखवायचा आहे. चित्रपट संग्रहालयाने त्या संगीताच्या मूळ टेपा माझ्याकडे पाठवल्या आहेत. शेवटच्या चार मिनिटांत संवाद नाही. मुलीला निरोप देऊन घरी परतलेला म्हातारा एकेक खिडकी बंद करत जातो, बस्स. वर एकटं व्हायोलिन, त्यामागे बारीक साथ, आणि शेवटी सगळा वाद्यवृंद.

हा सिनेमा मी त्रेपन्न वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. त्याचं ध्वनिमुद्रण बाबांनी केलं होतं. त्यानंतर त्यांनी तो स्टुडिओ सोडला. लोक म्हणायचे, मास्तरांनी काढून टाकलं. बाबा काहीच म्हणायचे नाहीत, फक्त रेडिओवर मास्तरांचं काही लागलं की उठून तो बंद करायचे.

मी हे काम घेतलं ते आईसाठी. ती याच वाद्यवृंदात मागच्या रांगेत व्हायोलिन वाजवायची, एवढंच बाबांनी कधीतरी सांगितलंय. मी दीड वर्षाची असताना छातीच्या आजाराने गेली. घरात तिचा एक फोटो आहे, त्यातही मान वळवलेली. आवाज म्हणाल तर नाहीच. जन्मभर लोकांचे आवाज टिपणाऱ्या माणसाच्या घरात स्वतःच्या बायकोच्या आवाजाचा एक तुकडा नाही. पण दोन टेकच्या मधे वादक बोलतात, हसतात, पाणी मागतात, आणि टेप फिरतच असते. त्यात आईचा एखादा शब्द असेल तर मला तो हवाय. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही.

५ मार्च

एसीवाला आला. आज हेडफोन नीट लावला होता. काम करता करता दोनदा माझ्याकडे बघितलं. मी काही लावलं नाही.

डब्यात टेकचा कागद मिळाला. अक्षर बाबांचं, मी डोळे मिटून ओळखीन. एकाखाली एक:

१ – श्वास
२ – श्वास

असं करत ९ – श्वास. आणि मग १० – स्वच्छ. दहाला निळ्या शाईने गोल केलेला. तो गोल कुणीतरी लाल पेन्सिलीने खोडून नवाला लाल गोल केलाय. लाल पेन्सिल मास्तरांची, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मला हसूच आलं. दहा वेळा वाजवून घेणारे बाबा हट्टी, की एवढं करून खराब टेक उचलणारे मास्तर?

तारीख बघितली. मी सोळा महिन्यांची. म्हणजे आई जायच्या दोनच महिने आधी. त्या दिवशी ती तिथे, मागच्या रांगेत असणार. त्या चाळीस व्हायोलिनांत एक तिचं. पण एका सुरात वाजवणाऱ्या चाळिसांतून एक वेगळं काढायला ब्रह्मदेव आला तरी हात टेकेल.

७ मार्च

पहिले आठ टेक त्या काळच्या रीतीप्रमाणे पुसून टाकलेले. उरलेत नववा आणि दहावा. दहावा खरंच स्वच्छ आहे, पण घाईत वाजवलाय. खिडक्या बंद होण्याच्या आधीच संगीत संपतं. तो वापरता येणार नाही. नववाच साफ करायचा.

नवव्याचा रोग बाबांनी लिहिलाय तोच. प्रत्येक लांब सुराच्या आधी वाजवणारा श्वास घेतो, आणि तो साधा नाही. आत जाताना बारीक शिट्टी वाजते, फाटक्या भात्यासारखी. चार मिनिटांत अकरा वेळा मोजला. श्रेयनामावलीत वाद्यवृंदाच्या लीडरचं, म्हणजे पहिल्या व्हायोलिनवाल्याचं नाव आहे. गृहस्थ अंगाने चांगले भरलेले होते असं ऐकलंय. मी त्या श्वासाचं नाव फुसफुसे काका ठेवलं.

टेक सुरू व्हायच्या आधी काचेमागून बाबांचा आवाज येतो. तिशीतला, खणखणीत. "पुन्हा घेऊ. श्वास येतोय." मी हेडफोन काढून ठेवला. हा आवाज मी ओळखते, पण या वयात कधी ऐकला नव्हता.

टेक संपल्यावर मास्तर "बास" म्हणतात. खुर्च्या सरकतात. कुणीतरी खोकतं, खूप वेळ. बाई की पुरुष, कळत नाही. मग कुणी पाणी आणा म्हणतं, तो पुरुषच. आईचं काही नाही.

९ मार्च

रविवार. बाबांचं ऐकण्याचं मशीन पुन्हा डब्यात जाऊन बसलं. कानात गोंगाट होतो म्हणे. गेली सहा वर्षं त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात पांढरा फळा टांगलाय, त्यावर मी लिहिते आणि ते बोलतात. कधी गल्लीला ऐकू जाईल असं, कधी पुटपुटत. आज मी कपाट लावलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "हळू लाव." ठार बहिरा माणूस मला कपाट हळू लावायला सांगतो. सवय आहे ती. लहानपणी घरात चमचा खाली ठेवायचीही चोरी होती.

हा धंदा त्यांनीच शिकवला. सूर टिपायचा, माणूस नाही, हे त्यांचं वाक्य. खुर्ची, बाही, दम, घसा, वाजवणाऱ्याचं यातलं काही टेपवर उरता कामा नये. मी त्यांच्यापेक्षा पक्की निघाले.

१२ मार्च

फुसफुसे काकांचे सहा श्वास काढले. पडद्यावर आवाजाचं चित्र उमटतं. सूर म्हणजे आडव्या लख्ख रेघा आणि मधे हा धुक्याचा पुंजका. तो सुराला धक्का न लावता खरवडायचा. एका श्वासाला तीन तास लागतात. हाडं खिळखिळी झाली, पण काम असं बसलंय की मीच माझी पाठ थोपटली. पन्नास वर्षांपूर्वी बाबांना जे जमलं नाही ते मी करतेय. मास्तरांनी हट्टाने ठेवलेला कचरा त्यांच्याच स्मृतिदिनाला निघणार. बाबांचा सूड, असं म्हणायला हरकत नाही.

१५ मार्च

अकराही गेले.

सगळ्या टेपाही ऐकून झाल्या, अकरा डबे, मधली सगळी बडबड. दोन बायकांचे आवाज सापडले. एक गायिका, दुसरी चहा विचारणारी. नोटेशन लिहिणाऱ्या काकांना फोनवर ऐकवले. मास्तरांची सगळी पानं तेच लिहायचे, त्या मंडळींपैकी आता तेवढेच उरलेत. ते म्हणाले, "नाही गं पोरी, यातली कुणीही ती नाही." आई टेपवर नाही. मी एवढ्याचसाठी हे काम घेतलं होतं आणि ते रिकामं निघालं. फार वाईट वाटलं. घरी आल्यावर बाबांनी चेहरा बघून विचारलं, काय झालं. मी फळ्यावर लिहिलं, डोकं दुखतंय.

१८ मार्च

आजच लिहून टाकते.

संग्रहालयाच्या छोट्या थिएटरात सकाळी चाचणी होती. संचालकबाई, त्यांच्या ऑफिसातले नऊ जण, प्रोजेक्टर चालवणारे आणि नोटेशनवाले काका. संचालकबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, शेवटच्या चार मिनिटांत मी कामाची नाही, बोलायचं ते नंतर. पर्समधून रुमाल काढून मांडीवर ठेवला. प्रोजेक्टरवाले म्हणाले, मी हा सिनेमा दोनशे वेळा लावलाय, शेवटाला मी यंत्राकडे बघतो, पडद्याकडे नाही.

शेवट आला. म्हाताऱ्याने पहिली खिडकी बंद केली. व्हायोलिन निघालं, स्वच्छ, नितळ, कुठेही डाग नाही.

कुणी रडलं नाही.

दिवे लागले तेव्हा संचालकबाई रुमालाकडे बघत होत्या. घडी मोडलेली नव्हती. ऑफिसातला एक जण हळूच मोबाइल बघत होता. प्रोजेक्टरवाले खिडकीतून डोकावून म्हणाले, "मॅडम, रीळ चुकलं का?" मी म्हटलं, तेच आहे, फक्त साफ केलंय. संचालकबाई छान झालंय म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या, आणि आपण काहीतरी हरवून बसलोय असा त्यांचा चेहरा झाला. सूर तेच, लय तीच, पडदा तोच. मी एकही सूर काढलेला नव्हता.

मग काका काठी टेकत माझ्याजवळ आले. त्यांना राग आला होता. इतका राग मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलेला नाही.

"तिला कुठं घालवलंस?"

"कुणाला, काका?"

"तुझ्या आईला."

१९ मार्च

काल एवढंच लिहून वही मिटली. आज काकांच्या घरी जाऊन सगळं ऐकून आले. अजून डोक्यात नीट बसत नाही. त्यांनी सांगितलं तसंच लिहिते.

तो सोलो, ते एकटं व्हायोलिन, आईने वाजवलंय. मला हे ठाऊकच असेल असं काका धरून चालले होते. ती बसायची मागच्या रांगेत, हे खरं. पण हा सोलो मास्तरांनी तिला पुढे बोलावून दिला. तेव्हा सोलो कुणीही वाजवो, पडद्यावर नाव लीडरचंच जायचं. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

बाबा काचेमागे. प्रत्येक टेकनंतर सांगायचे, श्वास येतोय, पुन्हा घेऊ. माइक लांब केला, उंच केला, तिच्या पाठीमागेही ठेवून बघितला. श्वास येतच राहिला. ती दर वेळी हसून मान हलवायची आणि पुन्हा वाजवायची. नऊ वेळा. नवव्यानंतर तिला उठता येईना. खोकल्याची उबळ थांबेना. दहावा टेक म्हणून लीडरने वाजवला.

"तुझ्या बापाचे कान म्हणजे काय सांगू. दोनशे माणसांत कुणाची तार उतरलीय ते सांगायचा. त्याला वाटलं, बाई निष्काळजीपणे वाजवतेय. शिट्टी ऐकू येत होती सगळी. ती कशाची आहे ते नाही कळलं."

चार दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं. तोवर बराच उशीर झालेला.

बाबा मास्तरांकडे गेले आणि म्हणाले, नववा काढा, दहावा घाला, नाहीतर ते संगीतच काढा. लोक जन्मभर माझ्या बायकोला लागलेला दम ऐकणार. मास्तर नाही म्हणाले. काका तिथे होते. मास्तर म्हणाले, ती जाणार आहे आणि हे राहणार आहे, मी काढणार नाही. बाबांनी त्याच दिवशी स्टुडिओ सोडला. कुणी त्यांना काढलेलं नव्हतं.

मी काकांना विचारलं, बरोबर कोण होतं. ते म्हणाले, मला पानं लिहिता येतात, हे नाही सांगता येत.

मी आठ दिवस बसून, तीन तीन तास खपून, माझ्या आईचा श्वास खरवडून काढला. वर त्याला फुसफुसे काका म्हटलं. मागची पानं फाडावीशी वाटली. फाडणार नाही. राहू देत.

२० मार्च

मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवलेली असते, ही शिस्त बाबांची. त्या शिस्तीने वाचवलं. उघडली आणि ऐकली.

शब्द शोधत होते मी. शब्द नव्हताच. पण सुराच्या आधी ती श्वास घेते, थांबते, आणि मग गज चालतो. प्रत्येक वेळी वाटतं, आता पुढचा सूर येणार नाही. आणि तो येतो. एवढंच आहे. एसीवाल्याला हेच ऐकू आलं असणार, शिडीवर, कुणी न सांगता. आणि मास्तरांनी भोवती रचलेलं संगीत बघावं तर प्रत्येक श्वासाच्या जागी बाकी सगळी वाद्यं गप्प. ती जागा त्यांनी आधीच ठेवलेली होती की श्वास ऐकून नंतर केली? काका म्हणतात, त्या दिवशी पानं तीनदा बदलली होती.

मला रडू आलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून लावलं.

२४ मार्च

चार दिवस ठरवता आलं नाही. श्वास परत ठेवायचा तर बाबांच्या मनाविरुद्ध. काढायचा तर आई गेली. मास्तरांनी बाबांना न जुमानता ठरवलं, मीही तेच करू? शेवटी आज सकाळी चहा झाल्यावर फळ्यासमोर उभी राहिले. काय आणि कसं लिहावं कळेना. सिनेमाचं नाव लिहिलं. खाली लिहिलं: टेपा माझ्याकडे आल्यात. त्याखाली: ९ की १०?

बाबांनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. मी काय काय ऐकलंय, कुणी सांगितलंय, यातलं एक अक्षर विचारलं नाही. उठले आणि माझ्या हातातून पेन घेतला. एरवी ते फळ्यावर कधी लिहीत नाहीत, त्यांना बोलता येतं.

नवाला गोल केला. गोल पुरता जुळला नाही.

मग म्हणाले, "मी येईन." आणि पेपर घेऊन बसले.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. का, ते लिहायला नको.

३० मार्च

मोठं थिएटर, सहाशे माणसं. बाबांना कडेच्या खुर्चीवर बसवलं, शेजारी मी. मशीन घरीच ठेवून आले होते. मी खिशात घालून आणलं होतं, ते त्यांनी हाताने बाजूला सारलं. दोन तास पडद्याकडे एकटक बघत राहिले. ओठांवरून काही कळत असेल तेवढंच.

म्हाताऱ्याने पहिली खिडकी बंद केली. पुढच्या रांगेत आधीच नाकं ओढली जात होती. संचालकबाईंचा रुमाल तोंडावर गेला. मी लोकांकडे बघायचं ठरवलं होतं, कारण आईचं ऐकायची भीती वाटत होती.

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी श्वास घेतला.

बाबांनी. तोंड उघडं ठेवून, आत ओढून. आणि लगेच पडद्यावरून व्हायोलिनचा पहिला लांब सूर आला. मला वाटलं, योगायोग. दुसऱ्या खिडकीला पुन्हा. थिएटरातल्या कर्ण्यांतून आईचा श्वास आणि माझ्या डाव्या कानाशी बाबांचा, एकाच क्षणी. ठार बहिरा माणूस. तिसरा, चौथा. एकदाही पुढेमागे नाही. पडदा बघून हे जमणं शक्य नाही, खिडक्या आणि सूर जुळत नाहीत, सातव्याला तर पडद्यावर नुसती भिंत आहे. मी त्यांचा हात धरायला गेले आणि धरला नाही. मोजत राहिले, दुसरं काही येईना. नऊ. दहा. अकरा.

अकराव्यानंतर सगळा वाद्यवृंद उठतो, चाळीसच्या चाळीस व्हायोलिनं. तिथे आईचं वेगळं काही नाही. मी सुटले असं वाटून मान वळवली.

बाबांनी बारावा श्वास घेतला.

घेतला आणि धरून ठेवला. वाद्यवृंद संपला, पडदा काळा झाला, दिवे लागले, तेव्हा सोडला. मला म्हणाले, "चल, रिक्षा मिळणार नाही." पुटपुटत नाही, ओरडून नाही, साध्या आवाजात.

३१ मार्च

सकाळी सातला खोली उघडली. ती जागा मी कधी तपासलीच नव्हती. चाळीस व्हायोलिनांच्या गर्दीत कोण कशाला बघतंय. आवाजाचं चित्र मोठं केलं, पुन्हा मोठं केलं. लख्ख रेघांच्या तळाशी, बाबांनी घेतला त्याच क्षणाला, नखाएवढं धुकं. हेडफोन लावून बाकी सगळं दाबत नेलं. शिट्टी आहे. ती सगळ्यांबरोबर शेवटचा सूर वाजवायला तयार होतेय.

टेकचा कागद काढला. बाबांच्या अक्षराखाली, नवाच्या ओळीत, जागा होती. निळ्या पेनाने लिहिलं: बारा.